परतून येणाऱ्या वेली

मृग नक्षत्र लागून दोन-चार चांगल्या सरी कोसळल्या की आमच्या शाळेच्या मागील कुंपणापाशी दरवर्षी एक नवल घडते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्या जागी भेगाळलेली काळी माती, वाळलेल्या काड्या आणि कागदाचे कपटे यांखेरीज काहीही नसते, त्याच जागी शाळा पुन्हा भरण्याच्या सुमारास हिरवे ठिपके दिसू लागतात. आठ दिवसांत त्या ठिपक्यांना नाजूक शेंडे फुटतात. ते शेंडे वाऱ्यावर डोलत कशाचा तरी आधार शोधतात व श्रावण सरेपर्यंत सबंध कुंपण झाकून टाकतात. गणेशोत्सवाच्या दिवसांत तर त्या हिरव्या पडद्यावर तांबड्याभडक चांदण्या फुललेल्या असतात.

या वेलींचे बी कोणी पेरलेले नसते. त्यांच्यासाठी कोणी आळे केलेले नसते, की खत घातलेले नसते. इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थ्याने एकदा आम्हांस विचारले, “ह्या वेली लावल्या कोणी?” आम्ही सहज बोलून गेलो, “कोणीच नाही; आपोआप येतात.” उत्तर दिले खरे, पण ते आमच्याच मनाला पटेना. जगात आपोआप असे काय घडते? जे आपोआप घडते असे आपण म्हणतो, त्यामागे बहुधा कोणाची तरी दीर्घ तयारी असते. फक्त ती आपल्या दृष्टीस पडलेली नसते. त्या तयारीचा शोध घेता घेता आम्हांस जे उमगले, ते विद्यार्थी मित्रांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुंपणावरील मंडळी

प्रथम या वेलींची ओळख करून घेऊ. आमच्या कुंपणावर मुख्यतः चार वेली नांदतात.

पहिला मान गणेशवेलीचा. हिची पाने कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली असतात. दुरून पाहणाऱ्यास बडीशेपेच्या पानांचा भास व्हावा. फूल लहान, लांब नळीचे व पाच टोकांचे. ते पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटून जाते. मात्र दुसऱ्या दिवशी तितकीच नवी फुले तयार असतात. फूल गळाल्यावर वाटाण्याहून लहान असे टोकदार बोंड धरते व त्यात बहुधा चार काळपट बिया असतात. हिंदीत हिला कामलता म्हणतात. ज्या कुलात आपले रताळे आहे, त्या हरिणपदी कुलातीलच ही वेल होय.

दुसरी वेल काळा दाणा. हीदेखील त्याच कुलातील. पाने रुंद, तीन खंडांची. फूल तुतारीच्या तोंडासारखे पसरट आणि निळे. सकाळी आकाशाच्या रंगाचे असलेले हे फूल सुकता सुकता जांभळट-गुलाबी होते. हिच्या बोंडात सहापर्यंत काळ्या, कंगोरेदार बिया असतात व त्यांवरूनच वेलीस काळा दाणा हे नाव पडले. हिच्या शास्त्रीय नावातील ‘निल’ हा शब्द अरबीतून घेतलेला आहे आणि अरबी शब्दाचे मूळ आपल्या संस्कृत ‘नील’ शब्दात आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस गोड वाटेल.

तिसरी वेल गोकर्ण. गाईच्या कानाच्या आकाराचे निळे किंवा पांढरे फूल कोणी पाहिलेले नाही? हिला अपराजिता असेही म्हणतात. ही शिंबी कुलातील, म्हणजे तूर, मूग, वाटाणा यांच्या नात्यातील आहे. हिच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन जमिनीत आणून ठेवतात. वाटाण्याच्या फुलात सर्वांत मोठी पाकळी वरच्या बाजूस असते, पण गोकर्णात तीच पाकळी खालच्या बाजूस असते. जणू फूल उलटे टांगले आहे. विद्यार्थ्यांनी दोन्ही फुले शेजारी ठेवून ही गंमत अवश्य पाहावी. गोकर्ण पाणी मिळाल्यास अनेक वर्षे जगते व शिवाय स्वतःचे बीही पेरून ठेवते.

चौथी वेल कपाळफोडी. हिची फुले इतकी बारीक की ती सहसा नजरेत भरत नाहीत. पण फुगलेल्या कंदिलासारखी तिची हिरवी फळे सर्वांच्या परिचयाची आहेत. मुले ती कपाळावर आपटून ‘फट्’ असा आवाज काढतात. फळात तीन कप्पे व प्रत्येक कप्प्यात एक काळे बी असते. त्या काळ्या बीवर पांढरे, बदामाच्या आकाराचे चिन्ह असते. ते इतके रेखीव असते की शास्त्रज्ञांनी या वेलीच्या प्रजातीस दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘हृदयबीज’ असा आहे.

चार, सहा आणि तीन: हा बियांचा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे वाळलेले फळ हाती घेऊनही गणेशवेल, काळा दाणा व कपाळफोडी ओळखता येतात. गोकर्णाची गोष्ट वेगळी. तिला चपटी शेंग येते.

सुरतेशी जडलेले नाते

गणेशवेल हे नाव इतके आपले, की ही वेल परदेशी असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. वस्तुतः तिचे मूळ स्थान उष्ण कटिबंधातील अमेरिका आहे. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेस पोहोचला. त्यानंतर मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ यांच्याप्रमाणेच ही वेलही समुद्र ओलांडून पूर्वेकडे आली. ती येथे केव्हा रुजली, याचा एक पुरावा ज्या ग्रंथात सापडतो, त्या ग्रंथाच्या कर्त्याची समाधी आपल्या सुरतेतच आहे.

हेन्ड्रिक व्हान रीड हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातील अधिकारी होता. त्याने तेथील वनस्पतींची चित्रे व वर्णने करवून घेतली आणि ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. या कामी त्यास इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे साहाय्य लाभले. या तिघांचे 1675 सालचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीतच ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. या ग्रंथात आपली गोकर्ण ‘शंगा-कुस्पी’ या नावाने आली आहे. त्यात ‘शंखपुष्पी’ हा शब्द कोणासही ओळखू यावा. आणि अकराव्या खंडात गणेशवेलीचे चित्र आहे. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच ही अमेरिकेची कन्या मलबारच्या कुंपणांवर सुखाने नांदत होती.

व्हान रीड 1691 च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेस येत असता समुद्रातच मरण पावला. 1692 च्या आरंभी सुरतेत त्याचे दफन झाले. कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत त्याची भव्य समाधी आजही उभी आहे. आपल्यापैकी कित्येक जण त्या रस्त्याने रोज येत-जात असतील. पुढच्या खेपेस तेथून जाताना क्षणभर थांबावे. ज्या वेली आपण ‘आपोआप’ आलेल्या समजतो, त्यांची नोंद घेण्यासाठी एके काळी केवढा उद्योग झाला होता, याची आठवण त्या वास्तूपाशी होते. हा ग्रंथ तीन शतके बहुतांशी लॅटिनमध्येच बंदिस्त होता. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील अनेक वर्षे खर्चून त्याचे इंग्रजी भाषांतर केले व ते 2003 मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले.

परत येण्याचे रहस्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गणेशवेल एकवर्षायु आहे. पौष-माघापर्यंत ती मुळासकट वाळून जाते. मग जूनमध्ये जी उगवते ती कोण? अर्थात तिची संतती. पण बी जमिनीवर पडले व पावसात उगवले, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. कार्तिकात पडलेले बी अवकाळी पावसाच्या एखाद्या सरीने किंवा बागेच्या पाण्याने तेव्हाच का उगवत नाही? आणि उगवलेच, तर पुढील कोरड्या महिन्यांत त्या अंकुराची काय गत होईल?

येथेच निसर्गाची योजना दिसून येते. हरिणपदी व शिंबी या दोन्ही कुलांतील पुष्कळ वनस्पतींच्या बियांस अतिशय कठीण कवच असते. त्या कवचात काठ्यांसारख्या लांबट पेशी एकमेकींस चिकटून, लष्करातील शिपायांप्रमाणे रांगेत उभ्या असतात व पाण्याचा थेंबही आत शिरू देत नाहीत. आतील अंकुर जिवंत असतो. परंतु त्यास पाणी मिळत नाही, म्हणून तो स्वस्थ निजलेला असतो. या स्थितीस बीजाची सुप्तावस्था म्हणतात. कवचात एक लहानशी कमकुवत जागा मात्र असते. चैत्र-वैशाखातील तापलेली जमीन, दिवसाची उष्णता व रात्रीचा त्या मानाने गारवा यांच्या सततच्या फरकाने काही बियांची ही जागा उघडते. मग पहिल्या पावसाचे पाणी आत शिरते, बी फुगते व अंकुर बाहेर पडतो. म्हणजे ज्या उन्हाळ्यास आपण रखरखीत व उजाड म्हणतो, तोच या बियांचे कुलूप उघडणारा असतो.

यातही विशेष हा, की सर्व बियांची कुलुपे एकाच वर्षी उघडत नाहीत. काही यंदा उगवतात, काही पुढील वर्षी, तर काही त्याहूनही नंतर. एखाद्या शहाण्या शेतकऱ्याने कणगीतले सगळे धान्य एकाच पेरणीत घालू नये, तसे हे आहे. पहिल्या पावसानंतर मोठी उघडीप पडली व सगळे अंकुर करपले, तरी जमिनीत राखून ठेवलेले बी शिल्लकच असते. सुरतेत वर्षाकाठी सुमारे 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी एकवर्षायु वेलीस वेळ साधता येणे हाच तिच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट या वेलींच्या उपयोगी पडते. गणेशवेलीचे लाल, नळीदार फूल तिच्या मायदेशी गुंजन पक्ष्यांना बोलावते. ते पक्षी भारतात नाहीत. तरीही येथे तिची बोंडे भरतात, कारण तिच्या फुलात स्वतःच्याच परागांनी बीजधारणा होऊ शकते. गोकर्णाचेही तसेच आहे. म्हणूनच एखाद्या अंगणात वाट चुकून आलेले एकच बी पुढे सबंध कुंपणाचे गोकुळ करू शकते.

उगवल्यावर वेलीपुढे आधार शोधण्याचे काम असते. तिचे शेंडे संथपणे वर्तुळे घेत फिरत असतात. चार्ल्स डार्विनने 1865 साली प्रसिद्ध केलेल्या वेलींवरील आपल्या प्रबंधात ही गती घड्याळ लावून मोजली आहे. हॉप नावाच्या वेलीचा शेंडा उन्हाळ्यात सरासरी 2 तास 8 मिनिटांत एक फेरा पुरा करतो, असे त्यास आढळले. विद्यार्थ्यांनी गणेशवेलीच्या शेंड्याजवळ एक काडी रोवून सकाळच्या तासापासून मधल्या सुट्टीपर्यंत त्याची दिशा वहीत टिपावी. डोळ्यांस न दिसणारी हालचाल घड्याळाने कशी दिसते, याचा तो उत्तम पाठ ठरेल.

आमच्या हातून झालेली चूक

हे सर्व आम्हांस पुस्तकातून कळण्याआधी एका चुकीतून कळले, हे सांगावयास संकोच वाटत नाही. काही वर्षांपूर्वी शाळेत पाहुणे यावयाचे होते म्हणून आम्ही आश्विनातच सारे कुंपण स्वच्छ करविले. वेली हिरव्या होत्या, बोंडे कोवळी होती. विद्यार्थ्यांनी उत्साहाने वेली ओढून काढल्या व त्यांचे भारे बाहेर नेऊन टाकले. कुंपण लखलखीत झाले. पुढील जूनमध्ये वेली आल्या, पण विरळ. आम्हांस वाटले, पाऊस कमी असेल. त्या वर्षीही आश्विनात आम्ही तेच केले. त्याच्या पुढच्या जूनमध्ये तर इकडे एक, तिकडे एक अशा मोजक्याच वेली दिसल्या. पुढच्या फाटकाजवळ, जेथे मधल्या काळात सिमेंटच्या लाद्या बसविल्या होत्या, तेथे एकही आली नाही.

तेव्हा कोठे आमच्या ध्यानात आले. पहिल्या वर्षी ज्या वेली उगवल्या, त्या आदल्या वर्षांच्या राखीव बियांतून. आम्ही शिल्लक खर्चीत होतो व भर मात्र काहीच घालीत नव्हतो. बँकेतील पैसे काढीत राहावे व भरू नयेत, तर खाते किती दिवस चालणार? ज्यास आम्ही ‘आपोआप’ म्हणत होतो, तो खरोखर जमिनीतला साठा होता आणि तो आमच्याच हातांनी रिता होत होता. त्यानंतरच्या वर्षी आम्ही वेलींस हात लावला नाही. बोंडे झाडावर वाळू दिली, निम्मे बी गोळा केले व निम्मे तसेच पडू दिले. दोन पावसाळ्यांत मागचे कुंपण पूर्ववत झाले. लाद्यांखालची जागा मात्र आजही रिकामीच आहे.

जगातील दोन दाखले

जमिनीतील बी किती काळ जिवंत राहते, हा प्रश्न अमेरिकेतील विल्यम बील या प्राध्यापकास पडला होता. त्याने 1879 साली मिशिगन येथील कृषी महाविद्यालयाच्या आवारात, रानात उगवणाऱ्या वनस्पतींच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्या पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून त्यातील बी पेरावयाचे, असा नियम त्याने घालून दिला. बील गेला, त्याचे शिष्य गेले; पण प्रयोग चालूच राहिला. 2021 साली, म्हणजे 142 वर्षांनंतर, काढलेल्या बाटलीतील काही बियांना अंकुर फुटले! सर्वच बिया इतक्या चिवट नसतात. त्या खेपेस जवळजवळ एकाच प्रकारच्या वनस्पतीचे बी उगवले. तथापि मातीस मृत म्हणण्यापूर्वी आपण दहा वेळा विचार करावा, एवढा बोध त्यातून खचित मिळतो.

दुसरा दाखला जपानचा. आपला काळा दाणा तेथे फार प्राचीन काळी औषधी बी म्हणून चीनमधून गेला. जपानी लोकांनी त्यास ‘आसागाओ’ म्हणजे ‘सकाळचा चेहरा’ असे सुंदर नाव दिले व एदो काळात त्याच्या नाना रंगांच्या व आकारांच्या जाती निर्माण केल्या. टोकियोतील इरिया येथे दर जुलैत या वेलीची जत्राच भरते. परंतु आम्हांस विशेष वाटते ते हे, की तेथील प्राथमिक शाळांत पहिल्या इयत्तेतील मुले आपापल्या कुंडीत ही वेल वाढवतात, तिची टिपणे ठेवतात व शेवटी बी गोळा करतात. कित्येक शाळांत ते बी पुढील वर्षी येणाऱ्या नव्या मुलांस भेट म्हणून दिले जाते. याहून सुटसुटीत व याहून अर्थपूर्ण असा शाळेचा वारसा दुसरा कोणता असेल?

झाडू आणि बीज

आपल्या शहरास स्वच्छतेचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. 1994 च्या प्लेगच्या साथीने सुरतेस हादरवून टाकले. त्यानंतर या शहराने स्वच्छतेचा ध्यास घेतला व 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळविला. अशा नगरीत राहून ‘कुंपण झाडू नका’ असे सांगणे काहींस विपरीत वाटेल. परंतु कचरा आणि वाळलेली वेल यांत भेद आहे. प्लास्टिकची पिशवी मातीत पडून राहते ती मातीस गुदमरविण्यासाठी. वाळलेले बोंड पडते ते पुढच्या वर्षाची तजवीज म्हणून. जो झाडू पहिली उचलतो व दुसऱ्यास जागेवर राहू देतो, तोच शहाणा झाडू. त्याचप्रमाणे अंगणातील इंच न् इंच लाद्यांनी बंद करण्याचा सोस आपण आवरावयास हवा. भिंतीच्या कडेने वीतभर माती उघडी ठेवली, तरी तेवढी या वेलींस पुरते.

ज्यांस या वेली आपल्या घरी याव्यात असे वाटते, त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात. बोंडे तपकिरी होऊन तडकू लागेपर्यंत वेल तोडू नये. गोकर्णाच्या शेंगा वाळल्या की त्यांची टरफले पिळवटून फुटतात व बी दूर उडते, म्हणून बी हवे असल्यास शेंगा किंचित आधी काढून कागदावर पसराव्यात. पहिल्या पावसानंतर दोन आठवडे खुरपणी करू नये; कारण अंकुर ओळखू न आल्यामुळे तण समजून तेच उपटले जातात. गणेशवेलीच्या अंकुराची पहिली दोन बीजपत्रे चिमणीच्या नव्हे, तर पाकोळीच्या शेपटीसारखी खोल दुभंगलेली असतात; काळ्या दाण्याची रुंद व फुलपाखराच्या पंखांसारखी असतात. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की चूक होत नाही. दाटीने आलेले अंकुर विरळ करावेत व प्रत्येकास सुतळीचा किंवा तुराटीचा आधार द्यावा.

सुप्तावस्थेचा अनुभव घेण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. गोकर्णाच्या वीस बिया घ्या. दहा बियांचे कवच एका बाजूस काचकागदावर हलकेच घासा; दहा तशाच ठेवा. दोन्ही गट वेगवेगळ्या वाट्यांत रात्रभर पाण्यात भिजवा. घासलेल्या बिया पाणी पिऊन फुगतील; न घासलेल्यांपैकी कित्येक खड्यासारख्या कोरड्या राहतील. त्या कोरड्या बिया फेकू नका. कुंपणापाशी मातीत टाका व त्यांच्या मर्जीने उगवू द्या.

दोन इशारे

उत्साहाच्या भरात दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली ही, की या वेलींच्या बिया खाण्याच्या नव्हेत. काळा दाणा हे तीव्र रेचक आहे. गोकर्णाचे बीही तसेच. वैद्याच्या हातातील औषध विद्यार्थ्याच्या हातात विष ठरते. लहान भावंडांपासून या बिया दूर ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट अधिक विचार करावयाची आहे. आपणहून पसरणारी प्रत्येक वनस्पती स्वागतार्ह नसते. नाल्यांच्या व ओढ्यांच्या काठी माजलेली बेशरम ही गणेशवेलीची सख्खी बहीण. तिचेही माहेर अमेरिकाच. पण तिने किती काठ गिळले ते पाहा. तापीच्या पात्रात माजणारी जलपर्णी हीसुद्धा अशीच दूरदेशीची. म्हणून गणेशवेलीचे बी कुंपणावर राखावे. ते रानात किंवा नदीकाठी नेऊन उधळू नये. अतिथीस ओसरीवर मान द्यावा, पण घराची किल्ली देऊ नये.

समारोप

आपल्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थ्यांची मूळ गावे जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत आहेत. कोणाचे आजोबा, कोणाचे वडील तापीच्या वरच्या अंगाने या खालच्या अंगास आले. यंत्रमागावर, गिरणीत, बाजारात कामास लागले आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत त्यांनी घरे केली. आधार मिळेल तेथे धरावा, पण आधार देणाऱ्या कुंपणास मोडू नये, ही वेलीची रीत त्यांनी पाळली. त्यांनी बरोबर आणलेली आपली मायबोलीही या शाळेत दर जूनमध्ये नव्या मुलांच्या ओठी पुन्हा उगवते. तीही आपोआप उगवते असे समजण्याची चूक आपण करू नये. घरात कोणी तरी ओवी म्हणते, कोणी गोष्ट सांगते, कोणी पत्र लिहिते. तेव्हा तो साठा भरत राहतो. भर घालणे थांबले, तर एक-दोन वर्षे काही कळत नाही. आणि मग एके जूनमध्ये कुंपण रिकामे दिसते.

यंदा बागेतील बी गोळा करून आम्ही त्याच्या लहान पुड्या बांधल्या आहेत. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडताना एक पुडी पाचवीच्या एका विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, अशी आमची इच्छा आहे. पुडीवर वेलीचे नाव व वर्ष तेवढे लिहावे. देणाऱ्याचे नाव लिहिण्याची गरज नाही. पुढे कधी एखादा लहान मुलगा कुंपणाकडे बोट दाखवून “ह्या वेली लावल्या कोणी?” असे विचारील, तेव्हा त्यास ‘आपोआप आल्या’ असे उत्तर मिळू नये, एवढेच आमचे मागणे आहे.